व्हॅली आणि खोरे : रोलाँ बार्थ यांची मिथकचिकित्सा आणि मराठी निसर्गभाषा

रोलाँ बार्थ यांचा ‘मिथॉलॉजीज’ हा निबंधसंग्रह १९५७ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. मराठी अभ्यासकांपर्यंत तो पोहोचला मुख्यतः ॲनेट लॅव्हर्स यांच्या १९७२ च्या इंग्रजी अनुवादामधून. हा अनुवाद निवडक होता. त्यात द्राक्षमद्यावरील निबंध होता. ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीवरील निबंध मात्र नव्हता. तो रिचर्ड हॉवर्ड यांच्या अनुवादात १९७९ साली ‘द आयफेल टॉवर’ या वेगळ्या संग्रहातून इंग्रजीत आला, आणि मूळ संग्रह इंग्रजीत संपूर्ण रूपाने उपलब्ध होण्यास २०१२ साल उजाडावे लागले. याचा परिणाम असा झाला की, बार्थ वाचणाऱ्या आपल्याकडील दोन पिढ्यांनी मद्य वाचले आणि सायकल वाचली नाही. वास्तविक हे दोन्ही निबंध, आणि त्यांच्यासोबत पर्यटनाच्या मार्गदर्शक पुस्तिकेवरील ‘निळी मार्गदर्शिका’ हा तिसरा निबंध, एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. डोंगराळ नदीखोरी, द्राक्षमळे आणि त्यांमधून जाणारी सायकल हे चित्र महाराष्ट्रात अलीकडे ज्या वेगाने रूढ झाले आहे, ते पाहता असे एकत्रित वाचन अगत्याचे ठरते.

‘तूर द फ्रान्स’ची स्थापना १९०३ साली झाली ती एका क्रीडादैनिकाचा खप वाढावा म्हणून. शर्यत रस्त्यावर धावण्यापूर्वीच ती मजकूर म्हणून कल्पिली गेली होती. बार्थ तिला महाकाव्य म्हणतात ते या अर्थाने मुळीच अतिशयोक्त नाही. १९५५ च्या शर्यतीच्या आधारे ते दाखवितात की, स्पर्धकांची नावे वीरांच्या विशेषणांसारखी योजली जातात, त्यांच्या लाडक्या लघुनामांतून पराक्रम आणि जवळीक एकाच वेळी साधली जाते, आणि भूगोल स्वतःच पात्र बनतो. व्हाँतू हा दक्षिण फ्रान्समधील उघडाबोडका, रखरखीत पर्वत त्यांच्या विवेचनात बळी मागणाऱ्या क्रूर दैवताचे रूप घेतो. नेतृत्व करणे, मागोमाग जाणे, निसटणे आणि कोसळणे या चार क्रियांत ते शर्यतीचे सारे नाट्य सामावतात. यांपैकी नेतृत्व करणे ही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत निष्फळ क्रिया होय, हे त्यांचे निरीक्षण विशेष मार्मिक आहे. आघाडीवर राहून वाऱ्याला तोंड देणारा बहुधा जिंकत नाही. तो इतरांसाठी झिजतो.

या निबंधाचे बलस्थान त्याच्या औदार्यात आहे. मिथकाची चिकित्सा करताना बार्थ यांची लेखणी एरवी तिरकस होते, पण येथे ते वाचकाबरोबर त्या महाकाव्याचा आस्वादही घेतात. शर्यतीमागील आर्थिक हितसंबंधांचा उल्लेख शेवटाकडे येतो आणि लवकर आटोपतो. त्याची उणीव भासते ती ‘मद्य आणि दूध’ हा निबंध वाचल्यावर.

द्राक्षमद्य हे फ्रेंचांचे कुलचिन्हवत पेय आहे, असे बार्थ त्या निबंधात म्हणतात. ते श्रमिकाचे श्रम हलके करते, बुद्धिवंताला सामान्यांत आणून बसविते, उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब देते. परस्परविरोधी गुण त्याच्या ठिकाणी सुखाने नांदतात. १९५४ मध्ये पंतप्रधान झालेल्या मेंदेस-फ्रान्स यांनी जाहीरपणे दुधाचा पुरस्कार केला तेव्हा फ्रान्सला जो धक्का बसला, त्याचे कारण या मिथकात आहे. येथवर निबंध खेळकर आहे. त्यानंतर काही मोजक्या वाक्यांत तो वळतो. अल्जेरियातील वसाहतवाल्या जमीनदारांनी मुसलमान शेतकऱ्यांच्याच हिरावलेल्या जमिनीवर त्यांच्याकडून असे पीक काढून घेतले की ज्याचा त्यांना उपयोग नाही, आणि त्यांना भाकरीची मात्र वाण आहे. मद्य हा निर्भेळ आनंदाचा पदार्थ ठरतो तो हे विसरल्यावरच. संपूर्ण संग्रहातील हा सर्वांत प्रामाणिक परिच्छेद म्हणता येईल.

या दोन निबंधांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक माणूस उभा आहे. त्याचे नाव अब्देलकादर झाफ. अल्जेरियाचा हा सायकलपटू १९५० च्या ‘तूर’मध्ये उत्तर आफ्रिकेच्या संघाकडून उतरला होता. २७ जुलै १९५० रोजी पेर्पिन्याँ ते नीम या टप्प्यात, दक्षिण फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून जाताना, तो आणि त्याचा सहकारी मार्सेल मोलिनेस असे दोघे बाकीच्यांना मागे टाकून निसटले. भयंकर उष्मा होता. मोलिनेसने टप्पा जिंकला. झाफ मात्र वाटेत कोसळला, प्रेक्षकांनी त्याला झाडाच्या सावलीत निजविले, आणि भानावर येताच तो सायकलवर बसून उलट दिशेने निघाला. प्रेक्षकांनी त्याला मद्य पाजले, आणि कधी थेंबही न घेतलेल्या त्या मुसलमानाला ते चढले, अशी कथा सर्वत्र पसरली. उत्तेजक द्रव्यांचा तो परिणाम होता असेही सांगितले जाते. घटनेचे सत्य काहीही असो, कथा लोकप्रिय झाली ती का, हा खरा बार्थीय प्रश्न आहे. वसाहतीतून आलेला खेळाडू आघाडीवर असताना लक्षात राहिला नाही; सत्ताधाऱ्यांच्या पेयाने दिशा चुकलेला विनोदी इसम म्हणून तो लक्षात राहिला. अल्जेरियाचे द्राक्षमळे आणि तूरचे महाकाव्य येथे एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र येतात. बार्थ यांच्या सायकल-निबंधातील वीरांच्या यादीत झाफ नाही. ती यादी १९५५ ची आहे, हे त्याचे साधे कारण देता येते. पण चिकित्सेच्या दृष्टीने ही अनुपस्थिती बोलकी आहे. मद्याविषयी लिहिताना ज्याला वसाहत दिसली, त्याला सायकलीविषयी लिहिताना ती दिसू नये, यात महाकाव्याच्या मोहाची ताकद कळते.

मराठी संदर्भात हा विचार आणताना एक सावधगिरी आवश्यक आहे. चिन्हमीमांसेची परिभाषा आपल्या विद्यापीठीय समीक्षेत आता पुरेशी रुळली आहे. चिन्हक, चिन्हित, मिथक ही पदे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी सहज वापरतो. तथापि ही परिभाषा कथा-कवितांच्या विश्लेषणापुरती राहते. आपल्या रस्त्यांकडे, पेयांकडे, जाहिरातींकडे ती क्वचितच वळते. बार्थ यांनी केले होते नेमके ते.

महाराष्ट्रात सायकलीच्या महाकाव्याची सामग्री नाही असे नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वांआधी पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा आहे. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा हा घाट मराठी क्रीडाविश्वाचा व्हाँतू होय. घाट हा शब्दच मराठीत विलक्षण अर्थगर्भ आहे. डोंगरातील वाट, सह्याद्रीचा माथा, नदीकाठच्या पायऱ्या आणि वाङ्‌मयसमीक्षेत आशयाच्या जोडीने येणारा ‘घाट’, इतके अर्थ तो सहज वाहतो. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ साली अमेरिकेचा एक किनारा ते दुसरा किनारा अशी सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. हे पराक्रम निःसंशय मोठे आहेत. त्यांच्यासाठी मराठीला नवे शब्द घडवावे लागले नाहीत. घाट, चढ, दम, जिद्द हे शब्द होतेच.

शब्द बदलतात ते अन्यत्र. नाशिकच्या परिसराची ‘वाइन कॅपिटल’ म्हणून जी प्रतिमा उभी राहिली, तिचा इतिहास फार जुना नाही. गंगापूर धरणाजवळ १९९९ साली राजीव सामंत यांनी ‘सुला’ची स्थापना केली, २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, विंचूर येथे वाइन पार्क झाले, आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक निर्देशन मिळाले. यातील ‘व्हॅली’ हा शब्द लक्ष देऊन पाहण्याजोगा आहे. गोदावरीचे खोरे मराठीत शतकानुशतके आहे, गोदाकाठ आहे. परंतु द्राक्षमळ्यांमधून सायकलने हिंडण्याचे जे चित्र जाहिरातीत रंगते, ते खोऱ्यात घडत नाही, व्हॅलीत घडते. तेथे माणूस ‘सायकलने जात’ नाही, तो ‘सायकलिंग करतो’. आणि तेथे जे प्यायले जाते ती ‘दारू’ नसून ‘वाइन’ असते.

हे केवळ इंग्रजी शब्दांचे आक्रमण म्हणून सोडून देता येत नाही. या तिन्ही जोड्यांत मराठी शब्द अस्तित्वात आहे, वापरात आहे, आणि तो जाणूनबुजून बाजूला ठेवला जातो. मराठी शब्दाला श्रमाचा, घामाचा किंवा निंदेचा वास आहे. परक्या शब्दाला तो नाही. बार्थ यांच्या मते मिथक इतिहासाचे रूपांतर निसर्गात करते. फ्रेंच भाषेत हे काम एकाच शब्दाच्या पोटात, नकळत घडावे लागते, कारण तेथे मद्याला एकच शब्द आहे आणि तो सर्वांचा आहे. मराठीत ते शब्दांच्या अदलाबदलीने उघड्यावर घडते. म्हणूनच मराठीतील मिथकचिकित्सकाचे काम एका अर्थी सोपे आहे: कोणता शब्द कोणत्या ठिकाणी टाळला गेला, एवढे पाहिले की पुरते.

‘वाइन’चा प्रवास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी ‘वाइन शॉप’ अशी पाटी आढळते, आणि तेथे वाइनखेरीज बहुतेक सर्व प्रकारची विदेशी दारू विकली जाते. म्हणजे द्राक्षमद्याचा उद्योग मोठा होण्याच्या पुष्कळ आधीच ‘वाइन’ हा शब्द दारूवरील पांघरूण म्हणून रूढ झालेला होता. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांतून वाइन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू नाही आणि तिच्या विक्रीने द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे हित होईल, असे युक्तिवाद पुढे आले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. त्या वादात दोन्ही पक्ष एका शब्दाच्या मालकीसाठी भांडत होते असे म्हणता येते. नाशिक जिल्ह्यातील बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी जातात, वाइनसाठी जाणारा वाटा लहान आहे, ही गोष्ट त्या गदारोळात फारशी ऐकू आली नाही.

विदर्भातील वाचकाला हा वाद वेगळाच ऐकू येतो. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरमध्ये ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेल्या गाडगेबाबांनी आपल्या कीर्तनांतून आयुष्यभर दारूच्या विरोधात लोकांना बजावले. अशा भूमीत द्राक्षमद्य कुलचिन्ह बनणे शक्य नाही. बार्थ यांचे प्रमेय येथे उलटे वाचावे लागते. फ्रान्समध्ये मद्य सर्वांना एकत्र बसविते. येथे ‘वाइन’ हा शब्द माणसांना वेगळे बसवितो, म्हणजे पिणाऱ्यांतही दारूवाल्यापासून वाइनवाल्याला निराळे काढतो.

‘निळी मार्गदर्शिका’ या निबंधात बार्थ सांगतात की, पर्यटकांच्या पुस्तिकेला जमीन खडबडीत झाल्याशिवाय निसर्ग दिसत नाही. डोंगर, घळ, कडा, बोगदा असेल तरच रस्ता प्रेक्षणीय. आणि देशातील माणसे स्मारकांच्या आड लुप्त होतात. हा निबंध मूर्तिजापूरच्या भूगोलावर ठेवून पाहिला तर त्याची धार अधिकच जाणवते. मूर्तिजापूर हेही एका नदीखोऱ्यात वसलेले आहे. उत्तरेस गाविलगडचे डोंगर, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा, मधून पश्चिमेकडे तापीला मिळावयास निघालेली पूर्णा. परंतु ‘व्हॅली’ म्हणावे असे तेथे काही नाही. जमीन सपाट, काळी, भेगाळणारी. भूगर्भातील पाणी खारे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिण्यास कठीण आणि ओलितासही अयोग्य. त्या पाण्याने काळी माती अधिकच चिवट होते, निचरा थांबतो, आणि शेतकरी कापूस, तूर, मूग, हरभरा अशा पावसावरच्या पिकांकडे राहतो. निचऱ्याच्या जमिनीची अपेक्षा करणारी द्राक्षवेल येथे रुजणार नाही. या खोऱ्याचे कथानक कापसाने लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ असा अरुंद मापाचा लोहमार्ग टाकला गेला तो कापसाच्या गाठींसाठी. ‘शकुंतला’ या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली ही गाडी आता धावत नाही.

मूर्तिजापूरहून उत्तरेस निघणाऱ्या सायकलस्वाराचा मार्ग दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा जातो. वाटेत पूर्णा ओलांडावी लागते. पहिले तीन-चतुर्थांश अंतर जवळपास सपाट आहे, आणि मार्गदर्शिकेच्या भाषेत तेथे ‘काहीच नाही’. वास्तविक अंजनगावच्या परिसरात पानमळे आहेत, पानपिंपरी आहे. सावली धरून, आधारावर चढवून जोपासलेल्या या वेली द्राक्षवेलीपेक्षा कमी निगा मागत नाहीत. वऱ्हाडाला वेलींची संस्कृती नाही असे कोणी म्हणू नये. ३० डिसेंबर १८०३ चा शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह याच गावाच्या नावाने ओळखला जातो. परंतु विड्याच्या पानाचा मळा पाहावयास कोणी सायकल घेऊन येत नाही. त्याला अद्याप इंग्रजी नाव मिळालेले नाही.

परतवाड्यानंतर चढ लागतो. सुमारे ३०० मीटरांवरून निघालेला प्रवासी चिखलदऱ्याच्या जवळपास १,१०० मीटरांवर पोहोचतो, आणि मार्गदर्शिका एकाएकी बोलकी होते: दरी, धुके, वळणे, कॉफीचे मळे. चिखलदऱ्याला व्हाँतूप्रमाणे नवे दैवत कल्पावे लागत नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले आणि त्यावरून ‘कीचकदरा’ हे नाव आले, अशी आख्यायिका तेथे आधीपासून नांदते आहे. या जुन्या मिथकावर पराक्रमी देहाचे नवे मिथक सहज बसते. चढणाऱ्याच्या छातीचा भाता, त्याची एकाग्रता, माथ्यावरची मुक्ती यांचे वर्णन करताना लेखणीला दम लागत नाही. मात्र ज्या मेळघाटाच्या अंगावरून हा रस्ता वर जातो, तो कोरकूंचा प्रदेश आहे, आणि १९९० च्या दशकापासून कुपोषण व बालमृत्यूंच्या संदर्भात उच्च न्यायालयापुढे सतत येत राहिलेला प्रदेश आहे. द्राक्षमद्याविषयी बोलताना अल्जेरियाची भाकरी आठवावी लागते, हे बार्थ यांचे मत मान्य केले, तर मेळघाटच्या वळणांचे वर्णन करतानाही तोच हिशोब मांडावा लागतो. येथे कोणी कोरकूंची जमीन हिरावून द्राक्षे लावली नाहीत. तुलना तंतोतंत जुळत नाही आणि ती ओढूनताणून जुळवूही नये. जुळते ते एवढेच की, दृश्य सुंदर होण्यासाठी दोन्हीकडे माणसे वगळावी लागतात.

नाशिकच्या बाबतीतही हे वगळणे आहे. दिंडोरी आणि निफाडच्या मळ्यांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी करावयास पेठ आणि सुरगाण्याहून आदिवासी मजूर येतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यात याच भागांतील आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि ते कसारा घाट पायी उतरले. मुंबई–नाशिक मार्गावर सायकलपटू जो घाट मोठ्या अभिमानाने चढतात, तोच हा घाट. एकाच रस्त्याची ही दोन वाचने मराठी प्रवासलेखनात क्वचितच समोरासमोर येतात.

बार्थ यांची मर्यादा दिसते ती याच ठिकाणी. त्यांच्यासाठी सायकल हे नेहमी पाहण्याचे दृश्य आहे. चालविणारा वीर आणि बघणारा वाचक यांच्या पलीकडे तिसरा कोणी नाही. भारतीय रस्त्यावर हा तिसरा माणूसच बहुसंख्य आहे: हँडलला कॅन अडकविलेला दूधवाला, टपालवाला, कॅरिअरवर भाजीची टोपली बांधून बाजाराला निघालेला शेतकरी. यांच्यासाठी बार्थीय चौकट अपुरी पडते, कारण त्यांच्या सायकलीला मिथकाचे रूप आलेलेच नाही. या दृष्टीने पी. साईनाथ यांच्या १९९६ च्या ‘एव्हरीबडी लव्ह्‌ज अ गुड ड्राउट’ या ग्रंथातील पुदुक्कोट्टईचे वृत्तान्त-लेखन बार्थ यांच्या शेजारी ठेवावे. तमिळनाडूच्या त्या जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी साक्षरता चळवळीच्या ओघात हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. साईनाथ त्यांचे महाकाव्य करीत नाहीत. स्त्रियांच्या सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते म्हणून काहींना त्याच सोयीच्या वाटल्या, अशा तपशिलांवर त्यांचा भर असतो. सायकल येथे वेळ वाचविते, बसची वाट पाहणे टाळते, बाजारात एक खेप वाढविते. चिन्ह होण्याआधी ती वस्तू आहे, आणि वस्तू म्हणूनच ती स्वातंत्र्याचा अनुभव देते.

महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यायेण्यासाठी सायकली दिल्या जातात. या योजनेचे सरकारी मराठी नीरस आहे. लाभार्थी, अंतर, अनुदान, वाटप या शब्दांपलीकडे ते जात नाही. तरीही त्यात ‘सायकलिंग’ हा शब्द येत नाही. तेथे ‘सायकल’ असते, आणि मुलगी तिच्यावरून शाळेत जाते.